कप्तानाच्या पाठीमागे

ज्या माणसाचा मी आयुष्यात सगळ्यात जास्त राग केला, त्याची पाठ मला त्याच्या तोंडापेक्षा जास्त ओळखीची आहे. तो आमच्या टीमचा स्टॉपर होता, म्हणजे गोलसमोरचा मधला बचावपटू, आणि कप्तानही. मी गोलकीपर. गोलकीपरला मॅचभर दुसरं काय दिसणार? समोर उभ्या असलेल्या स्टॉपरची पाठ. त्याच्या मानेवर डाव्या बाजूला एक चामखीळ होती. घाम आला की ती चमकायची, आणि मला वाटायचं, नेम धरून बॉल तिथंच मारावा.

त्याचं नाव इथं घेत नाही. कप्तानच म्हणतो.

मी सोलापूरच्या पूर्व भागातला. वडील लूमवर होते, टॉवेल काढायचे. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि मैदानावर ज्याला जी येईल ती. लूमच्या खटखटीत राहणाऱ्या घरांत कुणी हळू बोलत नाही. आई शेजारणीला मीठ मागायची तेही भांडल्यासारखं. त्यामुळे माझा आवाज लहानपणापासून मोठा, आणि अंगानं मी उंच. रेल्वे क्वार्टरजवळच्या मैदानावर पोरं फुटबॉल खेळायची. गोलमध्ये उभं राहायला कुणी तयार नसायचं, कारण मैदान सगळं मुरमाड. एकदा झेप घेतली की कोपर सोलून निघालंच. मला उभं केलं आणि मी उभा राहिलो. माझ्या कोपरांवरची खपली कॉलेज संपेपर्यंत कधी पूर्ण वाळली नाही.

वडिलांना हे अजिबात पसंत नव्हतं. "लूमवर उभा राहिलास तर टॉवेल तरी निघतो," ते म्हणायचे. "दोन बांबूंच्या मध्ये उभा राहून काय निघतं?" मी उलट उत्तर दिलं की ते गप्प व्हायचे. मारायचे नाहीत. पण मग आठवडाभर ताटावर समोरासमोर बसूनही माझ्याकडे बघायचे नाहीत. मला मार परवडला असता.

आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत पुण्याच्या एका क्लबच्या कोचनं मला पाहिलं आणि बोलावून घेतलं. त्यांच्या गोलकीपरचा गुडघा गेला होता. तो गोलकीपर कप्तानाचा शाळेपासूनचा मित्र होता, हे मला तिथं गेल्यावर कळलं. पहिल्या दिवशी मी पिशवी खांद्यावर घेऊन मैदानाच्या कडेला उभा होतो. कप्तानानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कुठला?"

"सोलापूर."

"म्हणजे चादर," तो म्हणाला. सगळे हसले.

तेव्हापासून माझं नाव चादर. माझ्यावर गोल झाला, मी जमिनीवर पडलेला असलो, की तो मागं वळून म्हणायचा, "अंथरली रे चादर!" म्हातारे कोचसुद्धा मला चादर म्हणायला लागले. ते प्रेमानं म्हणत असतील. मला फरक कळत नव्हता आणि करायचाही नव्हता.

मीही काही कमी नव्हतो. त्याच्या पाठीमागं उभा राहून मी मॅचभर त्याला शिव्या घालायचो. तेलुगूत घालायचो, म्हणजे रेफ्रीला कळू नये. बॉल हातात आला की मी तो मुद्दाम अशा जागी फेकायचो, जिथं कप्तानाला धावत जावं लागेल. तो मला बॅकपास द्यायचा तो माझ्या डाव्या पायावर, उसळता, समोरचा फॉरवर्ड अंगावर आलेला असताना. मॅच जिंकली की सगळे एकमेकांच्या गळ्यात पडायचे. आम्ही दोघं दोन टोकांनी मैदानाबाहेर जायचो.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी, आणि लिहिताना माझे दात आवळले जात आहेत. तो उत्तम स्टॉपर होता. तो पुढं आणि मी मागं असताना आमच्यावर फार कमी गोल व्हायचे. बाहेरचे लोक म्हणायचे, काय जोडी आहे. जोडी!

माझी एक सवय होती. उंच बॉल डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीत आला आणि मी तो घ्यायला बाहेर निघालो, की घाईत तोंडातून तेलुगूच निघायचं. "नादी!" म्हणजे माझा. बॉल माझा, बाकीच्यांनी बाजूला व्हा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कप्तानानं प्रॅक्टिस थांबवली.

"नादी काय? कुणाच्या नादी लागलास?"

"नादी म्हणजे माझा," मी सांगितलं.

त्या शब्दावरून महिनाभर थट्टा झाली. पोरं वडापाव उचलतानाही "नादी!" म्हणून ओरडायला लागली. कप्तान स्वतः ओरडायचा. म्हणजे त्या शब्दाचा अर्थ त्याला पक्का माहीत होता. हे मी एवढं स्पष्ट करून सांगतोय, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

कोल्हापुरात एका स्पर्धेची सेमीफायनल होती. कोल्हापूरला फुटबॉल म्हणजे काय असतं ते तिथं उभं राहिल्याशिवाय कळत नाही. गॅलरी भरलेली, हलगी कडाडतेय, माझ्या मागं बसलेली माणसं माझ्या आईपासून सुरुवात करून सगळ्या खानदानाचा उद्धार करतायत. मॅच बरोबरीत होती, शेवटाकडे आलेली. उजवीकडून उंच बॉल आला. मी निघालो. "नादी!" म्हणून घशाच्या शिरा ताणून ओरडलो. दोन्ही हात बॉलवर पोचले होते आणि त्याच क्षणी कप्तान उडाला. त्याचं डोकं माझ्या खांद्याच्या हाडावर आदळलं. मी खाली पडायच्या आधी हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. बॉल घरंगळला आणि त्यांच्या फॉरवर्डनं तो सावकाश, पायाच्या आतल्या बाजूनं आत ढकलला.

मी उताणा पडलो होतो. माझ्यावर आभाळ आणि त्यात कप्तानाचं तोंड.

"आवाज द्यायला काय झालं होतं रे तुला?" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला.

दवाखान्यात क्लबचे सेक्रेटरी आले. माझा हात गळ्यात बांधलेला. ते खुर्ची ओढून बसले, तब्येतीचं विचारलं, आणि मग म्हणाले, "कप्तान म्हणतो, तू आवाजच दिला नाहीस."

"दिला."

"मग कुणालाच कसा ऐकू आला नाही?"

माझ्या खोलीत राहणारा लेफ्ट बॅक त्यांच्याबरोबर आला होता. तो माझ्यापासून पाच-सहा पावलांवर होता त्या वेळी. मी त्याच्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "हलग्या वाजत होत्या. नक्की नाही सांगता येणार."

पुढच्या हंगामात कप्तानाच्या मित्राचा गुडघा बरा झाला होता. तो गोलमध्ये उभा राहिला. मला क्लबनं कळवलं की आता माझी गरज नाही. आणि माझ्याबद्दल एक वाक्य माझ्या आधी सगळीकडे पोचलेलं होतं: पोरगा चांगला आहे, पण बोलत नाही. लूमच्या गल्लीत वाढलेल्या माणसाबद्दल हे वाक्य!

त्यानंतर मी खेळलो बरीच वर्षं, पण खेळलो म्हणण्यापेक्षा बसलो. गोव्यात एका क्लबकडे, मुंबईत एका ऑफिसच्या टीमकडे, नागपुरात, मग पुन्हा गोव्यात. सगळीकडे दुसरा गोलकीपर. दुसऱ्या गोलकीपरचं काम म्हणजे मॅचआधी पहिल्याला बॉल मारून मारून तयार करायचं आणि मग जाकीट घालून बाकावर बसायचं. दुसऱ्या कुठल्याही जागेवरच्या खेळाडूला शेवटी दहा मिनिटं तरी मिळतात. गोलकीपरला मिळायची असतील तर पहिल्याचं काहीतरी मोडावं लागतं. गोव्यातला पहिला गोलकीपर देवमाणूस होता. त्याची बायको माझ्यासाठीही माशाचं कालवण पाठवायची. मी ते चाटूनपुसून खायचो आणि त्याला ताप यावा म्हणून वाट बघायचो. त्याला कधी ताप आला नाही. असली निरोगी माणसं मी पुन्हा पाहिली नाहीत.

खांदा थंडीत दुखायला लागला तेव्हा मी सोलापूरला परत आलो. वडिलांचा लूम तोवर भंगारात गेला होता. गल्लीत खटखट कमी झाली होती, पण माणसं अजून ओरडूनच बोलत होती. मी कोचिंगची परीक्षा दिली आणि एका शाळेत मुलींना फुटबॉल शिकवायला लागलो.

तिथंही भांडणं होतीच. संध्याकाळी त्याच मैदानावर टेनिस बॉलचं क्रिकेट चालायचं. ती पोरं आमच्या गोलसमोर मोटरसायकली उभ्या करायची आणि वर विचारायची, "पोरींना कशाला पळवताय सर, ऊन लागंल की." मी एकदा मोटरसायकलच्या चाव्या काढून हातात धरल्या आणि प्रॅक्टिस संपेपर्यंत दिल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आमची नेट फाडलेली होती. आम्ही ती सुतळीनं बांधली आणि खेळलो.

या मुलींमध्ये एक बार्शीकडच्या खेड्यातली होती. शिकायला सोलापुरात मावशीकडे राहायची. आधी कबड्डी खेळलेली, त्यामुळे पडायला अजिबात भीत नव्हती. बाकीच्या मुली बॉल जोरात आला की तोंड फिरवायच्या. ही तोंड पुढं करायची. मी तिला गोलमध्ये घेतलं आणि तीन-चार वर्षं माझं जेवढं होतं तेवढं सगळं तिला दिलं. कोन कसा कापायचा, पडताना आधी काय टेकवायचं, आणि मुख्य म्हणजे उंच बॉलला गोलची लाइन सोडून बाहेर कसं यायचं. "डी तुझी आहे," मी तिला सांगायचो. "त्यात आलेलं सगळं तुझं." ती मान हलवायची आणि यायची. कोपरं सोलून घ्यायची, थुंकी लावायची, पुन्हा उभी.

मग शहराबाहेर पुणे रस्त्याला एका संस्थेनं मैदान केलं. खरं हिरवं गवत, त्याच्यावर पाणी मारायला फवारे. आमच्या घरी नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि तिथं गवत रोज आंघोळ करत होतं. अकॅडमी सुरू होणार होती. संस्थेनं माझ्या मुली घेतल्या आणि मला गोलकीपर कोच म्हणून बोलावलं. हेड कोच पुण्याहून येणार होता.

तो कोण, हे मला उद्घाटनाच्या दिवशी दिसलं. टक्कल पडलेलं, पोट सुटलेलं, पण उभं राहायची ढब तीच. पालक बसले होते, मुली रांगेत होत्या. कप्तान माझ्याकडे हात पसरून आला.

"अरे, चादर!"

मुली खुसूखुसू हसल्या.

"इथं मला सर म्हणतात," मी म्हणालो.

"म्हणू की," तो म्हणाला आणि माझ्या मोडलेल्या खांद्यावर थाप मारली.

मी त्याच दिवशी परत फिरायला हवं होतं. पण मुली गवतावर अनवाणी पळत होत्या. राहिलो. पुन्हा त्याच्या मागं उभा राहिलो. या वेळी त्याच्या हातात शिट्टी होती आणि माझ्या हातात बॉलची जाळी.

काही महिने आम्ही कामापुरतं बोललो. मग त्यानं माझ्या गोलकीपर मुलीला हात घातला. म्हणजे तिच्या खेळाला. त्याचं म्हणणं, गोलकीपरनं लाइन सोडायची नाही, वरचा बॉल स्टॉपर बघतील. माझं म्हणणं याच्या बरोबर उलट. ती दोन्ही ऐकायची आणि मध्ये अडकायची. जिल्हा स्पर्धेआधीच्या एका सरावाच्या मॅचमध्ये उंच बॉल आला, ती दोन पावलं पुढं आली, थांबली, मागं सरली, आणि बॉल तिच्या डोक्यावरून आत गेला.

"लाइन! लाइन! किती वेळा सांगायचं?" कप्तान ओरडला.

मी मैदानात गेलो. मॅच चालू होती, तरी गेलो.

"तिला बाहेर येऊ दे. तिला येतं."

"तुलाही येत होतं की," तो म्हणाला. "आलास ना बाहेर कोल्हापूरला."

इतक्या वर्षांत कोल्हापूर हा शब्द आमच्यात पहिल्यांदा आला. 

"कोल्हापूरला मी आवाज दिला होता."

"दिला होतास."

मला वाटलं तो नाकारेल. त्याच्यासाठी मी वर्षानुवर्षं उत्तरं तयार करून ठेवली होती. त्यातलं एकही कामाला आलं नाही.

"तुला ऐकू आला?"

"आला की. नादी. सगळ्या गॅलरीला आला असेल." तो अगदी सहज बोलत होता. "मला वाटलं तू पोचत नाहीस. तू नेहमी अर्धं पाऊल उशिरा यायचास."

"माझे हात बॉलवर होते!"

"मग चुकलो असेन."

"आणि सेक्रेटरींना काय सांगितलंस?"

"काय सांगू? कप्तान चुकला म्हणून?" तो हसला. खरंच हसला. "माझी जागा गेली असती. तुझी गेली. खेळात असं होतंच."

मी त्याची कॉलर धरली. त्यानं माझी मनगटं धरली. दोन पोक्त माणसं, एकाचं पोट सुटलेलं, एकाचा खांदा वर जात नाही, मुलींच्या मॅचच्या मधोमध एकमेकांना ढकलत होती. मला त्याच्या नाकावर ठोसा मारायचा होता, पण हात खांद्याच्या वर गेला नाही आणि तो ठोसा त्याच्या छातीवर बसला. पालकांनी आम्हाला सोडवलं. संस्थेच्या माणसानं मला गेटपर्यंत पोचवलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. कप्तानाला काही सांगितलं नाही.

मी गेटबाहेर थांबलो. मुली सुटल्यावर एकेकीला सांगितलं, आपण जुन्या मैदानावर जाऊ, पुन्हा आपली टीम करू. काहींनी खाली मान घातली, काही घरी विचारून सांगते म्हणाल्या. माझी गोलकीपर मावशीबरोबर आली. मावशी तिला रोज न्यायला यायची.

"चल," मी म्हणालो.

"सर, मी हितंच खेळणार हाय."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "तो तुला लाइनवर बांधून ठेवील."

"ठिवू दे की. मला यायचं तवा मी येतीच."

"अगं, खोटारडा माणूस आहे तो. आत्ता ऐकलंस ना तू?"

"ऐकलं की. समद्यांनी ऐकलं." ती ग्लोव्ह्ज काढत होती, माझ्याकडे बघत नव्हती. "त्यो खोटा असंल, पर हितलं गवत तर खरं हाय. तुमचं भांडण तुमच्यापाशी ठिवा सर. त्यात मला उभी करू नका."

मी मावशीकडे पाहिलं. त्या बिचाऱ्या अवघडल्या होत्या. "पोरगी लई दिसांनी कोपर न सोलता घरी येतीया सर," त्या म्हणाल्या.

मी गाडीला किक मारली आणि निघालो. सगळ्या रस्त्यानं मी तिला शिव्या घातल्या, कप्तानाला घातलेल्यापेक्षा घाण. घरी आल्यावर वडिलांना सांगितलं. ते आता फार बोलत नाहीत. खाटेवरून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"त्या पोरीचं बरोबर आहे," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांच्या ताटाकडे मी आठवडाभर पाहिलं नाही.

स्पर्धा त्याच हिरव्या मैदानावर झाली. जाणार नव्हतो, पण गेलो. आत सोडलं नसतं, म्हणून तिच्या गोलच्या मागच्या बाजूला तारेच्या कुंपणाबाहेर उभा राहिलो. पहिल्या हाफमध्ये कॉर्नर आला. ती लाइनवरून निघाली ती थेट गर्दीत घुसली, स्वतःच्या स्टॉपरलाही बाजूला लोटलं आणि दोन्ही मुठींनी बॉल बाहेर फेकला. कप्तान कडेवरून "लाइन! लाइन!" म्हणून किंचाळायला लागला. ती वळली.

"सर, तुमी गप ऱ्हावा की जरा!" ती ओरडली. "माझ्या पोरींना माझं ऐकू येऊ द्या!"

कप्तान खाली बसला. मी त्याला कित्येक वर्षं तेलुगूतून शिव्या दिल्या होत्या, रेफ्रीला कळू नये म्हणून. तिनं त्याच्या तोंडावर सांगितलं, मराठीत, सगळ्या मैदानासमोर, आणि दुसऱ्या मिनिटाला पुढच्या बॉलसाठी गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली. ती मॅच अकॅडमी हरली. शेवटी पेनल्टीवर. पण राज्याच्या शिबिरासाठी तिची निवड झाली. पेपरात फोटो आला त्यात ती मधे आणि शेजारी कप्तान, तिच्या खांद्यावर हात ठेवून. खाली लिहिलं होतं, गुरू आणि शिष्या. तो पेपर मी तिथल्या तिथं चुरगळला. चहावाल्याचा होता, त्यानं मला ऐकवलं.

आता मी जुन्या मैदानावर नव्या मुलींना शिकवतो. दरवर्षी त्यातल्या बऱ्या दोन-तीन अकॅडमी उचलते. जिल्ह्याच्या बैठकीला कप्तान आणि मी दोघंही जातो. तो दाराजवळ बसतो, मी खिडकीजवळ. मधली माणसं म्हणतात, आता मिटवा, वयं झाली. कप्तान तयार असतो. हात पुढं करतो, अगदी हसून. मी माझा हात खिशातून काढत नाही. त्यानं खोटं बोलावं हे मी कदाचित पचवलं असतं. ते हसत हसत सांगून टाकावं इतकं त्याला हलकं होतं, हे पचत नाही.

ती मुलगी गेल्या आठवड्यात जुन्या मैदानावर आली होती. फोन नाही, काही नाही, पिशवी घेऊन सरळ उभी. मी विचारलं नाही कशी आहेस. तिनंही मला काही विचारलं नाही. ग्लोव्ह्ज घातले आणि लहान मुलींना गोलमध्ये कसं पडायचं ते दाखवायला लागली. मुरमावर, पूर्ण अंग टाकून. उठली तेव्हा कोपरातून रक्त येत होतं. मुली बघत राहिल्या.

जाताना तिनं पिशवी खांद्यावर घेतली आणि म्हणाली, "सर, येत्या ऐतवारी आमच्या अकॅडमीची मॅच तुमच्याच पोरींसंगं हाय. आमी सोडणार न्हाय."

"नका सोडू," मी म्हणालो. "आम्हीही सोडणार नाही."

"मग झालं," ती म्हणाली आणि रिक्षा बघायला रस्त्याकडे गेली. मी मुलींना पुन्हा रांगेत उभं केलं आणि अंधार पडेस्तोवर उंच बॉल मारत राहिलो.